आंदणाची घोडी

पाखरी आमच्या दारात आली ती तिच्या मानेवरच्या गोमेमुळे. घोड्याच्या अंगावरचे केस कुठे वळतात, भोवरा कुठे पडतो, यावरून जनावराचं आणि मालकाचं नशीब सांगणारी माणसं तेव्हा आमच्या भागात गावोगाव होती. मानेवर केसांची उलटी ओळ, म्हणजे गोम, असलेली घोडी घर बुडवते असं ती छातीठोकपणे सांगायची. त्यामुळे खजुराच्या रंगाची, चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी दिसणारी ती देखणी तरणी घोडी कोणी दावणीला बांधून घ्यायला तयार नव्हतं. आमच्या आबांनी बांधली. आई दारातच कपाळाला हात लावून म्हणाली, “चार बैलं हायती, म्हस हाय, दोन पोरं हायती. आता ही म्हाराणी. हिला घालू काय, माझं डोस्कं?” आबा पटक्याने घाम पुसत म्हणाले, “गोम तिच्या मानंवर हाय, माझ्या कपाळावर न्हाई.” आबांचं असंच असायचं. एखादी गोष्ट करू नको म्हटलं की त्यांना तीच करायची उबळ यायची, आणि हा गुण त्यांनी सगळाच्या सगळा मला दिला होता.

आमचं गाव मोशीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे, इंद्रायणी ओलांडली की उजव्या अंगाला. आबांना बैलगाड्याचा नाद. आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातला वळणाचा रस्ता नव्हे. यात्रेला बैलगाडे पळवायची जी सरळ चढण असते तिला घाट म्हणतात. गाड्यात कोणी बसत नाही. बैलांच्या पुढे स्वार घोडी घेऊन उभा राहतो, मागे बैलांच्या घुंगरमाळा वाजतात, कोणीतरी गळा फाडून ‘भिर्रर्र’ करतो, घोडी सुटते आणि तिच्या ओढीने बैल जीव तोडून चढण चढतात. घोडी कचरली तर बैल कितीही तगडे असोत, सगळं मुसळ केरात. म्हणून आबांनी पाखरीला दोन वर्षं खपून एकच धडा दिला होता. मागे घुंगरं वाजली आणि भिर्रर्र ऐकू आलं की सुटायचं, मागे बघायचं नाही, माथा आल्याशिवाय थांबायचं नाही. तो धडा ती इतका पक्का शिकली की आमच्या शाळेतल्या एकाही पोराला पाढे तसे येत नव्हते.

यात्रेत तिच्यावर माझा थोरला भाऊ बसायचा. त्याला आम्ही दादा म्हणायचो. यात्रा वर्षातून एकदा. उरलेलं सगळं वर्ष पाखरी माझी होती. हे कोणी ठरवलं नव्हतं. दादा आळशी, आबा बैलांत गुंतलेले, आईला घोडीची भीती वाटायची, म्हणून तिला नदीवर नेणं माझ्याकडे आलं, आणि नेता नेता एक दिवस मी बांधावर चढून तिच्या पाठीवर टांग टाकली. परकराचा काचा मारला, आयाळ मुठीत धरली. खोगीर नाही, काही नाही. खाली तिची ऊन पाठ. तिने एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि चालू लागली. आता वय ऐंशीच्या पुढे गेलंय, गुडघे बदललेत, पण खुर्चीत बसल्या बसल्या मांड्यांना कधी कधी ती ऊब जाणवते. डॉक्टरांना सांगितलं तर ते रक्ताभिसरणाची गोळी देतील, म्हणून सांगत नाही.

तिचे लाड म्हणाल तर आमच्या घरात माझेही झाले नाहीत तेवढे. सकाळी उजाडलं की ती पुढच्या खुराने गोठ्यातल्या फरशीवर ठोकायची. ठक, थांबून ठक ठक. म्हणजे चंदी आणा. चंदी म्हणजे रात्रभर भिजवलेले हरभरे. घरात हरभऱ्याची दोन पातेली भिजायची, एक आमच्या उसळीचं आणि एक तिचं, आणि पाहुणे आले की आई तिच्या पातेल्यात हात घालायची. मग मी गुपचूप आमच्या पातेल्यातले तिच्या तोबऱ्यात टाकायची. एकूण आमच्या आणि तिच्या जेवणात फरक काय तो फोडणीचा. हरभरे चावतानाचा तो कुडुम कुडुम आवाज, चुलीवर भाजणाऱ्या बाजरीच्या भाकरीचा वास आणि आईचा पट्टा एकाच वेळी चालू असायचा. “चहाला गूळ न्हाई आन घोडीच्या तोंडाला गुळाचा वास येतोय. इंदे, इकडं ये, तुझ्या तोंडाचा वास बगू!” मी तोंडाचा वास द्यायची. माझ्या तोंडाला गुळाचा वास कधीच यायचा नाही, आणि आईला त्याचाच जास्त राग यायचा.

ती साधी होती असं मात्र कोणी समजू नये. खोगिराचा तंग, म्हणजे पोटपट्टा, आवळताना ती पोट फुगवून उभी राहायची, आणि आपण खोगिरात बसलो की श्वास सोडायची. मग खोगीर कलंडायचं आणि आपण तिच्या पोटाखाली. बैलांच्या मागून धावत येणाऱ्या गाड्याला न भिणारी ही बया दोरीवर वाळणाऱ्या धोतराला बुजायची. आबांचा नवा पटका तिने टोकापासून वीतभर खाल्ला. चऱ्होलीहून नालबंद यायचा त्याला ती सोंग करून लंगडून दाखवायची, आणि त्याने पाय उचलला की आपलं सगळं वजन त्याच्या खांद्यावर टाकून डोळे मिटायची. एकदा तिने मला बाभळीत टाकलं. आई सुईने काटे काढत होती आणि प्रत्येक काट्याला एक शिवी देत होती, निम्म्या मला, निम्म्या घोडीला, आणि मी रडत होते ते काट्यांनी नव्हे. आबा आता मला तिच्यावर बसू देणार नाहीत या धास्तीने. आबांनी फक्त एवढंच विचारलं, “पडल्यावर लगाम सोडला व्हता का?” मी नाही म्हटलं. “मंग झालं,” आबा म्हणाले.

संध्याकाळी नदीवरून परतताना गायरानाच्या सपाटीवर मी तिला सोडायची. आधी दुडकी, मग हळूहळू चाल लांबत जायची, आणि मग एक क्षण असा यायचा की टापांचा आवाजच थांबल्यासारखा व्हायचा, नुसता वारा. त्या क्षणी मी कोणाची मुलगी नव्हते, कोणाची बहीण नव्हते, कोणाच्या घरी द्यायची नव्हते. मी पुढे कारखान्याच्या कॉलनीत राहिले, मोटारीत बसले, नातीने एकदा विमानातही बसवलं. तसा वेग पुन्हा मिळाला नाही.

मला पंधरावं सरत आलं तेव्हा सांगवीचं स्थळ आलं. मुळेच्या काठी भाजीचा मळा, मुलगा एकटा, बाप लहानपणीच गेलेला, चुलता कर्ता. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. तात्या पातळ मिशांचे, मोजून बोलणारे. पसंती झाली, सुपारी फुटायची वेळ आली आणि तात्यांनी विचारलं, आंदण म्हणून गाय देणार की म्हैस. लेकीबरोबर तिच्या सासरी जनावर द्यायची आमच्यात चालच होती. आबा भर बैठकीत म्हणाले, “गाय न्हाई, म्हस न्हाई. इंदूसंगं पाखरी देतो.” मी आत दाराआड उभी होते. हातातला चहा बाहेर न्यायचा राहूनच गेला. गाडा शौकिनाने यात्रेतली घोडी देणं म्हणजे काय हे आमच्या गावाला कळत होतं. त्या वर्षी पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि दादा तिथे चिकटला होता. सायकलवरून जायचा, आणि घाटात घोडी धरायला आता सवड नाही म्हणायचा. तरी आबांनी दुसरा स्वार सहज मिळवला असता. त्यांना ती मला द्यायची होती.

तात्यांना घोडी पटेना. बैठकीत थोडी कुजबुज झाली. शेवटी ते म्हणाले, “पुण्याच्या मंडईत माल न्यायला टांग्याला जोडता यील म्हणा. पन जनावर गरीब पायजे. असं करा, लग्नाच्या दिवशी नवरदेवाला तिच्यावरच बशिवतो. मारुतीपास्नं मांडवापतूर चाल बगतो. नीट चालली तर नेतो, न्हाई तर गाय द्या.” आबा हसले. “मारुती ते मांडव? मायंदाळ झालं की!”

दोन महिने मी तिला नुसतं चालायला शिकवलं. हलगीवाल्याला गूळ-शेंगदाणे देऊन तिच्या कानाशी हलगी वाजवून घेतली. अंगावर जुनी लुगडी टाकून तिचं बुजणं मोडलं. दादाला नवरदेव करून गावातून फिरवला. तो हातात नारळाऐवजी तांब्या धरून बसायचा आणि म्हणायचा, “इंदे, नवऱ्यापरीस घोडीचीच काळजी हाय तुला.” खरं होतं. नवऱ्याचा तर मी चेहराही नीट बघितला नव्हता. सासर या शब्दाची भीती मला वाटायची ती पाखरी बरोबर असेल या भरवशावर मी गिळत होते. परक्या घरी सकाळी एक ओळखीचा आवाज तरी असेल, ठक, थांबून ठक ठक.

लग्नाच्या दिवशी मी आतल्या खोलीत पाटावर बसले होते. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, हातात हिरवा चुडा. बाहेर बुंदीचा घाणा चालला होता, तुपाचा वास कोंदला होता. बायका गाणी म्हणत होत्या आणि माझा कान मारुतीच्या देवळाकडे. हलगी वाजायला लागली. तिच्या मागून पाखरीच्या टापा. सावकाश, एकसारख्या. मी मनात मोजत होते. वेशीपाशी आल्या. पाराला वळसा घातला. आता चावडी, मग आमची गल्ली, मग झालं. नवरदेवाच्या मागे करवल्यांची बैलगाडी होती. आबांनी हौसेने तिला आपलेच यात्रेचे बैल जुंपले होते आणि त्यांच्या गळ्यात यात्रेच्याच घुंगरमाळा घातल्या होत्या. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती घुंगरं ऐकली आणि माझं मोजणं चुकलं. तरी म्हटलं, नुसत्या घुंगरांनी ती सुटणार नाही.

आबा बैलांच्या शेजारून चालत होते. पुढे त्यांची घोडी, झूल पांघरलेली, मान ताठ. मागे त्यांचे बैल. दोन्ही अंगांना सगळं गाव. हवेत गुलाल. लेकीचं लग्न. आबा कधी प्याले नाहीत, पण त्या घटकेला त्यांना काय झालं असेल ते मी समजू शकते. आनंदाने भरून आलं की माणूस त्याला येतं तेच करतो. कोणी रडतो, कोणी नाचतो. आमच्या आबांनी दोन्ही हात वर केले आणि आयुष्यभर जे ओरडले तेच ओरडले.

“भिर्रर्रर्र!”

आत पाटावर मी डोळे मिटले. हलगीचा ठेका तुटला. पहिल्यांदा टापांचा एकच धडाका, मग त्या लांब लांब पडत गेल्या, गल्लीवरून सरळ, वेशीबाहेर, घाटाच्या दिशेने. बायकांची गाणी थांबली. मला दिसत नव्हतं, पण सगळं कळत होतं. माझी घोडी शिकवलेलं बरोबर करत होती.

बैलही उसळले होते, पण गाडीवानाने कासरे आवळून करवल्यांची गाडी जागीच धरली. नवरदेव पडला नाही, हे एक नवल. पाखरी माथ्यावर जाऊन थांबली आणि तिथे मात्र कोणाच्या हाती लागेना. दादा गेला, चार गडी गेले. कोणी जवळ आलं की ती पाच पावलं बाजूला, पाठीवर नवरदेव. अखेर आबाच मागच्या दाराने आत आले. तोंड काळंठिक्कर पडलेलं. “इंदे, चल.” आई आडवी आली. “हळद लागलेली पोर शिवंबाहीर न्हेत्यात व्हय? लोक श्यान घालतील तोंडात!” आबा तिच्याकडे न बघता मला म्हणाले, “दुसऱ्या कुणाकडं यायची न्हाई ती.”

मी शालू आवरून चढण चढले. माथ्यावर पोचले तेव्हा नवरदेव दोन्ही हातांनी आयाळ धरून बसला होता, बाशिंग एका कानावर. मी जीभ टाळूला लावून आवाज केला आणि पाखरी आपली आपण माझ्यापाशी आली, माझ्या खांद्यावर नाक ठेवून उभी राहिली. नवरदेवाने घाईघाईने तोंड फिरवलं. “माज्याकडं बगू नका,” तो म्हणाला, “अजून अंतरपाट धरायचाय.” त्याचा आवाज थरथरत होता. मला वाटलं, भीतीने. मी लगाम धरला आणि आम्ही खाली उतरलो. पुढे हळदीची नवरी पायी, मागे घोडीवर नवरदेव, आणि सगळ्यांत मागे खाली मान घालून आबा. दोन्ही बाजूंनी गाव पोट धरून हसत होतं. एरवी मीही हसले असते.

मांडवात तात्या उभे होते. “मुहूर्त टळायच्या आत लगीन लावू, त्याला आमची ना न्हाई,” ते म्हणाले. “पन आमाला सून न्यायचीय, घोडीवाली न्हाई. घोडी हितंच ऱ्हाईल.” बायकांमधून कोणीतरी गोम, गोम असं पुटपुटलं. आबांनी पटका काढून हातात घेतला होता. इतक्या लोकांत उघड्या डोक्याने उभे राहिलेले आबा मी कधी बघितले नव्हते. ते तात्यांना म्हणाले, “चूक माजी हाय, जनावराची न्हाई. पोरीचा जीव हाय तिच्यात. तात्या, एकडाव तिला इचारा. ती म्हनंल तसं.”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. माझ्या शालूला चढणीची माती लागली होती, हाताला घोडीचा घाम होता. आई तोंडाला पदर लावून बसली होती. एवढी माणसं, एवढं हसू, आबांचं ते उघडं डोकं. मला वाटलं, मी हवी म्हटलं तर आबांना अजून ऐकून घ्यावं लागेल. मी खाली बघून म्हणाले, “नको मला घोडी.”

मेल्यावर देव विचारेल की आयुष्यात खोटं किती वेळा बोललीस, तर मी हे एकच सांगेन. बाकीची त्याने शोधून काढावीत.

आंदण म्हणून गाय आली. चांगली होती गाय, तिचा काही दोष नव्हता. पहिल्या पंचमीला माहेरी आले तर पाखरीच्या ठाणावर आईने शेण्या रचल्या होत्या. आबांनी घोडी लांबच्या घोडेबाजारात नेऊन विकली होती. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या वर्षीपासून ते घाटातही गेले नाहीत. आम्ही दोघं ओट्यावर बसून चहा प्यायलो. चहात गूळ भरपूर होता.

संसार माझा सुखाचा झाला, हे लिहिलं पाहिजे. आमचे हे सज्जन माणूस. मळा पुढे वस्तीत गेला तसे तेही कंपनीत लागले, शिफ्टा केल्या, मुलं शिकवली. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. घोडीचा विषय मात्र आमच्यात निघाला नाही. भर मिरवणुकीत बेअब्रू झालेल्या माणसापुढे तो काढायचा कसा, म्हणून मी जपत राहिले. एखाद्या लग्नात भाड्याची पांढरी घोडी दिसली की मी दुसरीकडे बघायची. तेही बघायचे. मी समजायची, त्यांना तो दिवस आठवला.

गेल्या हिवाळ्यात नातवाच्या गाडीतून चाकणकडे एका बारशाला निघालो होतो. मोशीच्या पुढे नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. उजव्या हाताला एका कंपनीची लांबच लांब भिंत, तिच्या आत गोदामं. ती चढण आता कापून सपाट केली आहे, पण वरचा थोडा माथा अजून शिल्लक आहे. हे काच खाली करून तिकडे बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, “हितंच उतरवायला आलीवतीस तू मला.”

मीही मान वाकवून त्या माथ्याकडे बघितलं.

“काय पळाली गं ती,” ते म्हणाले. “सबंध आयुष्यात तसं काय झालं न्हाई. वर थांबली, मी थरथरत होतो, आन मला हसू येत व्हतं. मी तवाच ठरीवलं, तात्या काय बी म्हनूंदे, घोडी घरी न्यायची. खाली मांडवात तात्याला तेच सांगाया तोंड उगडलं, तवर तू म्हनलीस नको.”

“मग बोलला का नाहीत?” माझा आवाज नातवाने आरशातून बघण्याइतका वर गेला.

“तू चारचौघांत नको म्हनलीस. मला वाटलं, माज्यापायी तुझी शोभा झाली, आता तुला तिचं त्वांड बगायचं न्हाई. तुझा शब्द कसा मोडायचा? मंग परत तो इषय काढायचा नेट झाला न्हाई.”

पुढचा कंटेनर हलला. मागच्याने हॉर्न लावून धरला. मी पदर तोंडाशी नेला, मग खाली घेतला.

“मला हवी होती हो ती,” मी म्हणाले.

हे अजून बाहेरच बघत होते. त्यांनी न बघता माझ्या हातावर हात ठेवला.

“मलाबी,” ते म्हणाले.